ताम्रपटातला राजा, विमानातला राजा

इंदूरच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर देपालपूर हे तहसिलीचे गाव आहे. मुलूख काळ्या मातीचा, गहू-सोयाबीनचा. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव येते ते मुख्यतः एका ताम्रपटामुळे. विक्रम संवत १०७९ चा, म्हणजे इसवी सन १०२२-२३ च्या सुमाराचा हा ताम्रपट धारच्या परमार राजा भोजाचा आहे आणि त्यात एका ब्राह्मणाला जमीन दान दिल्याची नोंद आहे. परमारांच्या दानपत्रांचा साचा ठरलेला असतो. आधी राजाची वंशावळ, मग गाव कोणते, जमीन किती, तिच्यावरचे कोणते हक्क दान घेणाऱ्याकडे गेले, आणि शेवटी पुढे येणाऱ्या राजांना ताकीद, की हे दान मोडू नका, मोडाल तर पापाचे धनी व्हाल. तलाठ्याच्या दप्तरात वाढलेल्या माणसाला हा मजकूर अजिबात परका वाटणार नाही. पण याच भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा त्र्याऐंशी अध्यायांचा ग्रंथ आहे. नगररचना, घरे, देवळे, मूर्ती असा त्याचा विषय, आणि त्यातला एकतिसावा अध्याय यंत्रांचा. हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करावा, त्याच्या पोटात पारा भरलेले भांडे आणि त्याखाली विस्तव ठेवावा, म्हणजे वर बसलेला माणूस आकाशात दूरवर जातो, असे तो सांगतो. दारावर पहारा करणारे लाकडी शिपाई आहेत, नाचणाऱ्या बाहुल्या आहेत. यंत्रे नेमकी कशी जोडायची ते मात्र लिहिलेले नाही, आणि तसे का केले याचा खुलासाही ग्रंथकाराने तयार ठेवला आहे: ज्ञान कमी म्हणून नव्हे, गुप्तता राहावी म्हणून. कल्पित जग उभे करणाऱ्या कुठल्याही कसलेल्या लेखकाला ही युक्ती ओळखीची वाटेल.

राजांचा इतिहास, अद्भुत कथा, भव्य सिनेमे आणि स्वतःच एखादे काल्पनिक राज्य रचून त्याचा नकाशा काढत बसणे, हे छंद एकाच माणसात एकत्र आढळतात. आपण त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतो. इतिहास वाचणे चांगले, सिनेमे पाहणे चालेल, परीकथा लहानपणीच ठीक, आणि नसलेल्या राज्याची वंशावळ वहीत लिहीत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय. माझे म्हणणे असे, की ही भूक एकच आहे आणि या सगळ्यांत ज्याला आपण सर्वांत फुकट समजतो तो छंद, म्हणजे जग रचण्याचा, इतिहास समजण्याच्या दृष्टीने सर्वांत कामाचा आहे. ही भूक किती जुनी आणि किती एकजीव आहे हे दाखवायला माळव्याइतका चांगला पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण. भोजाचेच पाहा. त्याच्या ‘शृंगारमंजरीकथा’ या कथासंग्रहात धारा नगरीचे आणि तिथल्या कारंज्यांच्या महालाचे सविस्तर वर्णन आहे, आणि राजाची, म्हणजे लेखकाचीच, स्तुती येते ती एका यांत्रिक बाहुलीच्या तोंडी. स्वतःचे कौतुक स्वतः करणे बरे दिसत नाही, तेव्हा बाहुली बोलते! राजाने आपल्या खऱ्या राजधानीवर एक कल्पित राजधानी चढवली आणि तिच्यात स्वतःला पात्र करून टाकले. जमिनीच्या दानाचा ताम्रपट काढणारा राजा आणि हा राजा एकच. त्यातला एक खरा आणि दुसरा रिकामटेकडा असे म्हणता येत नाही.

पुढे गोष्टीने राजाला पुरते गिळले. सिंहासन बत्तिशीत भोजाला जमिनीखाली विक्रमाचे सिंहासन सापडते. त्याच्या बत्तीस पुतळ्यांपैकी प्रत्येक पुतळी त्याला पायरीवर अडवते आणि विक्रमाच्या औदार्याची एकेक कथा सांगून विचारते, की असे काही तुझ्या हातून झाले आहे का? गोष्ट अद्भुत आहे, वेताळ, देव, परकायाप्रवेश सगळे आहे. पण तिचा प्रश्न निखळ राजकीय आहे. गादीवर बसायला माणूस लायक केव्हा होतो? जन्माने राजा असलेल्या, विद्वान म्हणून गाजलेल्या भोजालाही इथे उमेदवार म्हणून उभे राहावे लागते. इतिहासाची बखर हा प्रश्न सहसा विचारत नाही, कारण बखरकाराचा धनी गादीवर बसलेलाच असतो. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छापील मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत ही बत्तिशी आहे. बंगालातल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या छापखान्यातून वैजनाथ पंडितांचे भाषांतर १८१४ साली निघाले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच छापखान्यातून रघुजी भोसल्यांची वंशावळही निघाली. म्हणजे आपल्या छापील गद्याने बाळसे धरले तेच एका हातात अद्भुत कथा आणि दुसऱ्या हातात राजवंशाचा इतिहास घेऊन.

या आवडीवरचा पहिला आक्षेप जुना आहे आणि तो घेणारे लोक मूर्ख नव्हते. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजपुत्र, राजकन्या, कपटी प्रधान, विमाने, योगायोगांचा पाऊस. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक’ यांवर निबंध लिहून या असंभाव्यतेवर कोरडे ओढले. लोकांना इंग्रजी राज्यात जगायचे आहे, दुष्काळ आहे, विधवांचे प्रश्न आहेत, आणि तुम्ही विमानातून राजकन्या पळवता, ही तक्रार समजण्यासारखी आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्येच येऊन विधवांच्या दुःखाबद्दल बोलून गेली होती, हेही आक्षेपकाच्या बाजूने जाते. पण पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. तिने आणि तिच्यामागून आलेल्यांनी इतिहास वाचकाच्या गळी उतरवला तो अद्भुत कादंबरीनेच तयार करून दिलेल्या अवजारांनी: भुयारे, वेषांतरे, किल्ल्यातले चोरदरवाजे, धन्यासाठी जीव देणारा सेवक. वाचकाला ही भाषा आधीच येत होती. नाथमाधवांचे उदाहरण तर बोलके आहे. सिंहगडावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे झाले आणि पुढचे आयुष्य त्यांनी अंथरुणाला खिळून लिहिण्यात काढले. त्यांच्याच लेखणीतून ‘वीरधवल’सारखी अद्भुतरम्य कादंबरी आली आणि त्याच लेखणीतून स्वराज्याच्या इतिहासावरची कादंबरीमालाही आली. दोन्ही वाचणारा वाचकवर्ग एकच होता. अद्भुताने वाचक बिघडला असता, तर इतिहासाच्या कादंबऱ्यांना तो कुठून मिळाला असता?

सिनेमाने हा संसार आणखी पक्का केला. फाळक्यांचा पहिला चित्रपट १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, म्हणजे राजाचीच गोष्ट. प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि त्याच वर्षी ‘मायामच्छिंद्र’. पहिल्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. दुसऱ्यात टेंबे मच्छिंद्रनाथ आणि खोटे स्त्रीराज्याची राणी. दिग्दर्शक दोन्हीकडे व्ही. शांताराम. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘सिंहगड’ केला. पुराण, अद्भुत आणि मराठ्यांचा इतिहास एकाच कंपनीच्या आवारात, जवळपास त्याच माणसांनी, वर्ष-दीड वर्षाच्या अंतरात उभा केला. त्यामुळे आज दरबार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जे खांब, जे पडदे, ज्या चवऱ्या येतात, त्या बऱ्याचशा रविवर्म्याच्या तसबिरींतून, नाटक कंपन्यांच्या पडद्यांवरून आणि कोल्हापूर-पुण्याच्या सेटवरून आलेल्या आहेत. शिवकाळातला दरबार प्रत्यक्षात कसा दिसत होता याची चित्रे फार थोडी. म्हणजे ‘मी अद्भुत वाचत नाही, फक्त इतिहास वाचतो’ असे सांगणाऱ्याच्या डोक्यातला इतिहाससुद्धा कुणीतरी रंगवलेलाच असतो. फरक इतकाच, की त्याला ते ठाऊक नसते.

आता नर्मदेकाठी या. महेश्वर म्हणजेच प्राचीन माहिष्मती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ओंकार मांधाता आणि मंडला यांच्या बाजूनेही युक्तिवाद झाले आहेत. पुराणांत ती सहस्रार्जुनाची नगरी. अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी तिथून होळकरांच्या राज्याचा कारभार पाहिला. आणि २०१५ च्या जुलैपासून देशभरातल्या कोट्यवधी लोकांच्या लेखी माहिष्मती म्हणजे बाहुबलीचे राज्य: आकाशातून कोसळणारा धबधबा, हत्तींच्या सोंडांची शिल्पे, शंभर फुटी सोन्याचा पुतळा. सिनेमाने नाव उचलले आणि बाकी सगळे स्वतः रचले. शत्रूच्या टोळीसाठी मदन कार्की या तमिळ लेखकाकडून ‘किलिकी’ नावाची अख्खी भाषा करून घेतली. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र हा प्रकार ऐतिहासिक म्हणवणाऱ्या कित्येक चित्रपटांपेक्षा सरळ वाटतो. इथे कुणी फसवलेले नाही. माहिष्मतीत अमुक साली तमुक झाले असा दावा नाही, कुणाच्या खऱ्या पणजोबाला खलनायक केलेले नाही. नाव सोडून सगळे कल्पित आहे आणि ते कल्पित आहे हे तिकीट काढणाऱ्या पोरालाही कळते.

दुसरा आक्षेप इथेच येतो आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. लोक सिनेमालाच इतिहास मानतात. ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, ‘पद्मावती’चे २०१८ मध्ये ‘पद्मावत’ झाले, २०२५ मध्ये ‘छावा’च्या झलकेतला संभाजीराजांचा लेझीमनाच वाद उठल्यावर काढून टाकावा लागला. आक्षेपक म्हणतो, बघा, कल्पनेला मोकळी सोडली की ती इतिहासाच्या शेतात शिरते. मला रोग वेगळा वाटतो. या चित्रपटांनी खरी नावे घेऊन इतिहासाचा अधिकार घेतला, आणि सुरुवातीला चार ओळींची पाटी लावून कल्पनेची सवलतही घेतली. दोन्हीकडचा फायदा, जबाबदारी कुठलीच नाही. आणि वाद घालणाऱ्यांचेही तेच. राणी नाचली की नाही यावर रान पेटते. बाजीरावाच्या मोहिमांचे कर्ज कोणत्या सावकाराने कोणत्या व्याजाने दिले, यावर कुणी थिएटरसमोर उभे राहत नाही. अपमानाची जाणीव तीव्र आणि कुतूहल बोथट, अशा प्रेक्षकाला कल्पना कमी पडते आहे. ‘समरांगणसूत्रधारा’तल्या पाऱ्याच्या पक्ष्यावरून प्राचीन भारतात विमानतळ होते असे ठासून सांगणारे लोकही याच जातीचे. त्यांना भोजाची कल्पनाशक्ती पुरेशी मोठी वाटत नाही म्हणून ते तिचा दाखला करून टाकतात.

खऱ्या नावांशी प्रामाणिक राहून कल्पना कशी चालवावी याचा नमुना मराठीत आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोचतात जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून धंदा करते आहे. ग्रंथालयात बसून ते शोधतात, की या जगाची वाट आपल्यापासून नेमकी कुठे फुटली. उत्तर एका गोळीत सापडते. आपल्या जगात १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पानिपतावर पडला. त्या जगात गोळी कानाला चाटून गेली. बाकी काही बदलायचे नाही, एवढेच बदलायचे आणि त्याचे परिणाम एकामागून एक ओढत न्यायचे. पानिपताच्या ‘जर-तर’वर मराठी माणूस गेली अडीचशे वर्षे बोलतो आहे. भाऊंनी गनिमी काव्याचा सल्ला ऐकला असता तर, मल्हारराव होळकर रणातून निघून गेले नसते तर. माळव्यात हा शेवटचा ‘तर’ अजूनही जरा जपून बोलावा लागतो. या गप्पांत बहुधा दोष कुणाच्या माथी मारायचा एवढेच ठरवायचे असते. नारळीकरांनी त्याच गप्पेला शिस्त लावली: एक बदल, आणि मग कार्यकारणाची साखळी. हे इतिहासकाराचेच काम आहे, उलट्या बाजूने केलेले. एखादी घटना महत्त्वाची होती असे म्हणायचे, तर ती घडली नसती तर काय झाले असते याचा अंदाज मनात धरावाच लागतो. कल्पनेला ज्याने कधी असे राबवलेले नाही, तो माणूस इतिहासातल्या घटना क्रमाने पाठ करू शकेल. त्यांतली कोणती भारी आणि कोणती हलकी हे त्याला सांगता येणार नाही.

म्हणूनच पाहणे-वाचणे आणि रचणे यांत मी फरक करतो. पाहणारा राजवाडा पाहतो. रचणाऱ्याला राजवाड्याच्या स्वयंपाकघरात धान्य कुठून येते ते ठरवावे लागते. इंग्लंडात ब्रॉन्टी भावंडांना १८२६ साली वडिलांनी खेळण्यातले शिपाई आणून दिले. पोरांनी त्यांना नावे दिली ती वर्तमानपत्रातली, वेलिंग्टनचा ड्यूक वगैरे, आणि त्यातून पुढे ॲंग्रिया आणि गॉन्डल ही राज्ये निघाली. त्यांचा इतिहास, राजकारण, मासिकेसुद्धा. टोल्किन स्वतः सांगत असे, की आपण आधी नकाशा केला आणि कथा त्यात बसवली. नकाशा एकदा झाला की घोडा एका दिवसात किती जाईल हे लेखकाच्या लहरीवर राहत नाही. आपल्याकडे तर हा उद्योग दर दिवाळीला गल्लीगल्लीत चालतो, फक्त त्याला कुणी साहित्य म्हणत नाही. दगड-विटा रचायच्या, वर पोती आणि चिखल, उतारावर अळीव पेरायचे म्हणजे चार दिवसांत हिरवळ येते, बालेकिल्ल्यावर महाराज, खाली मावळे. त्यात एक तळे हवेच. पोरे खळगा करून पाणी ओततात आणि अर्ध्या तासात पाणी झिरपून चिखल होतो. मग कुणी पातेले पुरते, कुणी प्लास्टिक अंथरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी आधी पाणी पाहावे असे बजावले आहे. हे वाक्य शाळेच्या पुस्तकात वाचणे वेगळे, आणि तळे दोनदा आटल्यावर ते वाचणे वेगळे.

आक्षेपक इथे म्हणेल, की मातीचा किल्ला ठीक आहे, पण कल्पित युद्ध नेहमी मातीचे राहत नाही. याचे उत्तर देपालपूर तहसिलीतच शोधावे लागते. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचे गौतमपुरा हे गाव याच तहसिलीत आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या संध्याकाळी, तिथे हिंगोट युद्ध होते. हिंगोट म्हणजे आपल्याकडच्या हिंगणबेटाचे फळ. कवच टणक असते. आतला गर कोरून काढायचा, फळ वाळवायचे, त्यात दारू ठासायची, एक तोंड मातीने बंद करायचे, दुसऱ्याला वात, आणि दिशा धरावी म्हणून बांबूची काडी बांधायची. डोक्याला साफा, खांद्यावर हिंगोटांची झोळी, एका हातात ढाल, दुसऱ्यात जळते लाकूड. देवनारायणाच्या देवळात माथा टेकून दोन दले समोरासमोर उभी राहतात: गौतमपुऱ्याचे तुर्रा, रुणजीचे कलगी. कलगी-तुरा म्हटले की महाराष्ट्रात शाहिरांचे सवाल-जवाब आठवतात, शक्तीचा पक्ष आणि शिवाचा पक्ष. माळवा-राजस्थानच्या लोकनाट्यातही याच नावांचे फड आहेत. इथे कवनांच्या जागी अग्निबाण आले. मोगल फौजांशी लढायचा हा जुना सराव, अशी गावची सांगी आहे. कागदोपत्री नसलेली, पण दर पाडव्याला नव्याने सांगितली जाणारी.

या खेळात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. अंधार पडला की युद्ध संपते आणि दोन्ही गावे एकमेकांना भेटतात. खेळणाऱ्याला पक्के ठाऊक असते, की समोरचा मोगल नाही, शेजारच्या गावातला ओळखीचा माणूस आहे. कल्पित जगाचे हे भान अगदी अडाणी म्हणवणाऱ्या माणसालाही असते, आणि तेच भान सिनेमावरून दगड उचलणाऱ्या शिकलेल्याला राहत नाही, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पण म्हणून मी हिंगोटाची वकिली करणार नाही. दर वर्षी माणसे भाजतात, २०१७ मध्ये एकाचा जीव गेला, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेले. परंपरा म्हणून ढालीआड उभे राहणाऱ्याने निदान जोखीम स्वतः पत्करलेली असते. बाजूला उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यात ठिणगी जाते तेव्हा त्याने कशाला होकार दिलेला नसतो. कल्पनेचा खेळ आहे तोवर त्यात शिरायची आणि बाहेर पडायची मोकळीक हवी. खरी दारू आली की ती मोकळीक जाते. शाहिरांचे दोन पक्ष रात्रभर भांडून सकाळी घरी गेले, त्यांत मला अधिक कल्पकता दिसते.

तिसरा आक्षेप राहिला, आणि त्यात मला बरेच तथ्य वाटते. लोकशाहीत राहणाऱ्या माणसांनी राजेच का कल्पावेत? अद्भुत कथांतले सगळे भांडण वारसाचे: हरवलेला राजपुत्र, खांद्यावरची खूण, गादीचा खरा हक्कदार. रयत फक्त जयजयकाराला. बाहुबलीच्या माहिष्मतीत शेत कोण नांगरतो हे कुणाला आठवते का? हा दोष खरा आहे. तरी राजांचा इतिहास नीट वाचणारा आणि स्वतःचे राज्य रचू पाहणारा माणूस फार काळ तलवारींत अडकून राहू शकत नाही, कारण त्याच्या वहीतले राज्य चालत नाही. त्याला खजिना लागतो. आणि खजिन्याचा शोध घेत तो खऱ्या महेश्वरला आला, तर त्याला बाहुबलीपेक्षा चमत्कारिक गोष्ट भेटते. होळकरांच्या राज्यात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. दौलत फौजफाट्याची, राज्यकारभाराची. खासगी ही राणीच्या ताब्यातली स्वतंत्र मिळकत, तिचे महाल आणि गावे निराळी. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत काशीपासून गयेपर्यंत आणि सोमनाथपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रे घातली, ती मुख्यतः या खासगीतून. त्यातली बहुतेक ठिकाणे त्यांच्या राज्याबाहेर होती. काही तर अशा मुलखात, जिथे दुसऱ्याची फौज होती. म्हणजे फौज न पाठवता एका राज्याची खूण दुसऱ्याच्या हद्दीत उभी राहत होती, तिच्या देखभालीला दर साल पैसे जात होते, आणि हद्दीचा मालक त्याला हरकत घेत नव्हता.

पडद्यावर हे दाखवणे कठीण आहे. ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ ही हिंदी मालिका २०२१ मध्ये आली तेव्हा तिलाही घरातल्या कारस्थानांवरच भर द्यावा लागला. धर्मशाळेच्या हिशेबावर भाग कसा रंगणार? ना. सं. इनामदारांनी ‘झुंज’ लिहिली ती यशवंतराव होळकरांवर, आणि ते साहजिक होते: पुण्यावर चाल, तोफा, इंग्रजांशी सामना, सगळा मसाला तयार. खासगीवर मात्र कादंबरी नाही. ती बहुधा इतिहासकाराकडून येणार नाही, पटकथाकाराकडून तर नाहीच. एखाद्या नसलेल्या राज्याचा नकाशा काढून बसलेल्या, त्यातल्या राणीला सैन्य परवडत नाही म्हणून अडलेल्या माणसाकडून ती येण्याची शक्यता अधिक आहे. आपल्या राणीकडे तलवारीशिवाय दुसरे काय असू शकते, हा प्रश्न आधी त्यालाच पडेल.